ओ-टूवर मोडणारा कर्नल कोड: दोष कसा पकडायचा आणि कुठे दुरुस्त करायचा

एआरएमच्या एका छोट्या बोर्डसाठी मी टायमरचा ड्रायव्हर लिहिला होता. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, म्हणजे ओ-झिरोवर, तो बिनतक्रार चालायचा. ओ-टू, म्हणजे नेहमीच्या वापरातलं ऑप्टिमायझेशन, लावलं की बोर्ड बूट होता होता गप्प. काय होतंय ते बघायला लूपच्या आत एक प्रिंटची ओळ टाकली, तर पुन्हा सगळं सुरळीत. ओळ काढली की पुन्हा गप्प. दोन दिवस मी हा वेळेचा घोळ समजून लूपमध्ये विलंब घालत बसलो. शेवटी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या प्रोसेसरच्या सूचना, उघडली. टायमरचं स्टेटस रजिस्टर लूपच्या आधी एकदाच वाचलेलं होतं आणि लूपच्या जागी स्वतःवरच उडी मारणारी एकच सूचना उरली होती.

चूक माझी होती. त्या पत्त्यावरचं मूल्य हार्डवेअर आपणहून बदलतं, हे मला ठाऊक होतं, पण कोडमध्ये ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लूपमध्ये त्या पत्त्यावर कुणी लिहीत नाही, मग दर फेरीला वाचायचं कशाला, हा कंपायलरचा हिशोब भाषेच्या नियमांनुसार बरोबर होता. प्रिंटचं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असल्यामुळे त्याच्या आत काय घडतं ते कंपायलरला दिसत नव्हतं. मेमरी बदलली असेल असं धरून त्याला रजिस्टर पुन्हा वाचावं लागत होतं, म्हणून प्रिंट टाकला की ड्रायव्हर चालायचा.

‘कंपायलरने कोड मोडला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा प्रकार हाच असतो. एक अट आपल्या डोक्यात असते, पण कागदावर नसते. ती अट नेमकी कोणती हे शोधून त्याच ओळीवर लिहिणं म्हणजे दुरुस्ती. ऑप्टिमायझेशन कमी करून मोकळं होणाऱ्याच्या कोडमध्ये दोष तसाच राहतो आणि कंपायलरच्या पुढच्या आवृत्तीत पुन्हा डोकं वर काढतो. खालची पद्धत सी भाषेतला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर धरून लिहिली आहे. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत, पण स्वतःचा छोटा कर्नल लिहिणाऱ्यालाही ती तशीच लागू पडतील.

पहिली पायरी: आरोप खरा आहे का ते तपासा

ओ-झिरोवर चालतं आणि ओ-टूवर चालत नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ऑप्टिमायझेशन बदललं की वेग बदलतो, स्टॅकवरची मांडणी बदलते, सुरुवातीचं मूल्य न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये वेगळा कचरा येतो. लॉकिंगची जुनी चूकही अशीच वेगळ्या वेगावर उघडी पडते. म्हणून कॉन्फिगरेशन, टूलचेन आणि सोर्स गोठवा, जुन्या ऑब्जेक्ट फाइल पुसून नव्याने बिल्ड करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कंपायलरची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा. हाताशी असेल तर तोच कोड दुसऱ्या कंपायलरनेही बांधून पाहा.

लिनक्सवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: संपूर्ण कर्नल ओ-झिरोवर बिल्ड होत नाही. कधीच पोहोचता न येणारा कोड कंपायलर काढून टाकेल यावर त्याच्या कित्येक तपासण्या उभ्या आहेत. फंक्शन बोलावल्या जागीच उलगडलं, म्हणजे इनलाइन झालं, की त्याचं आर्ग्युमेंट स्थिरांक ठरेल, असंही सी कोडच्या आत लिहिलेल्या बऱ्याच इनलाइन असेंब्लीत गृहीत धरलेलं आहे. तेव्हा तुलनेसाठी ओ-वन, म्हणजे ओ-टूच्या खालची पातळी, घ्या, आणि तेही संशयित फाइलींपुरतं.

दुसरी पायरी: संशयाची जागा लहान करत न्या

अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल ओ-वनने आणि अर्ध्या ओ-टूने बांधा. दोष ज्या अर्ध्यात राहील ते अर्ध पुन्हा विभागा. ६४ फाइल असल्या तरी सहा फेऱ्यांत एक फाइल हाती लागते. लिनक्सच्या मेकफाइलमध्ये एकेका ऑब्जेक्टसाठी वेगळे फ्लॅग देण्याची सोय आहे, तीच वापरा. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळ्या फाइल जोडताना एकत्र होणारं ऑप्टिमायझेशन, चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर फाइलींमधल्या भिंतीच राहत नाहीत आणि ही विभागणी फसवी ठरते.

फाइल सापडली की फंक्शन शोधा. संशयित फंक्शन उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. जीसीसीत एकाच फंक्शनला ऑप्टिमायझेशनचे वेगळे फ्लॅग लावणारं एक अॅट्रिब्यूट आहे, पण ते फक्त डीबगिंगसाठी आहे, अंतिम कोडमध्ये वापरू नये, असं जीसीसीचं दस्तऐवजच सांगतं. लिनक्सच्या बीपीएफ इंटरप्रिटरमध्ये (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागात) एक ऑप्टिमायझेशन बंद करायला ते वापरलं गेलं होतं. त्याने कमांड लाइनवरून आलेले इतर फ्लॅगही त्या फंक्शनपुरते उडवले, आणि २०२० मध्ये ते काढावं लागलं.

क्लँग वापरत असाल तर आणखी एक उत्तम सोय आहे. ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ हा पर्याय दिला की ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक टप्प्याला क्रमांक मिळतो आणि तुम्ही सांगाल त्या क्रमांकापुढचे टप्पे वगळले जातात. आकडा अर्धा-अर्धा करत गेलं की दोष उघड करणारा टप्पा सापडतो. जीसीसीत चालू असलेल्या ऑप्टिमायझेशन फ्लॅगांची यादी छापून घेऊन ते एकेक करून बंद करावे लागतात. मात्र ओ-वनवर ओ-टूचे सगळे फ्लॅग चढवले तरी ते ओ-टू होत नाही, कारण काही गोष्टींना वेगळा फ्लॅगच नाही. म्हणून ओ-टूवरून खाली उतरत या.

सापडलेला टप्पा हा गुन्हेगार नव्हे. तो साक्षीदार आहे. कोणती अट न लिहिलेली राहिली याकडे तो बोट दाखवतो, एवढंच.

तिसरी पायरी: असेंब्ली वाचा

ही पायरी टाळायची सवय फार लोकांना आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यातच वाया जातो. लिनक्समध्ये एखाद्या सी फाइलच्या नावात शेवटी ‘सी’ऐवजी ‘एस’ लिहून मेकला दिलं की तिची असेंब्ली मिळते, आणि ‘आय’ लिहिलं की मॅक्रो उलगडलेला सोर्स मिळतो. बांधून झालेल्या ऑब्जेक्टवर ऑब्जडम्प हे मशीन कोड वाचून दाखवणारं साधन डी आणि आर हे दोन पर्याय लावून चालवा. आर दिला की कॉल कुठे जातात तेही दिसतं. चांगली आणि वाईट आवृत्ती शेजारी शेजारी ठेवा.

सगळं समजण्याची गरज नाही. पाचच गोष्टी शोधा. लूपमधलं वाचन लूपच्या बाहेर गेलं का? तुम्ही लिहिलेली एखादी तुलना गायब झाली का? दोन लेखनांचा क्रम उलटला का, किंवा एकाची रुंदी बदलली का? तुम्ही न लिहिलेला कॉल कुठून तरी उगवला का? आणि स्टॅक पॉइंटर हलल्यानंतर जुन्या स्टॅकला कुणी हात लावतंय का? यातलं जे दिसेल त्यावरून पुढचा प्रकार ठरतो.

चौथी पायरी: प्रकार ओळखा आणि तिथेच दुरुस्त करा

वाचन लूपबाहेर गेलं असेल, तर ती मेमरी हार्डवेअर, इंटरप्ट (चालू काम थांबवून मधेच धावणारा कोड) किंवा दुसरा कोअर बदलतो, हे लिहायचं राहिलं आहे. दोन कोअरमधल्या सामायिक व्हेरिएबलसाठी लिनक्समध्ये रीड-वन्स आणि राइट-वन्स हे मॅक्रो आहेत. त्यांच्या आधी अॅक्सेस-वन्स होता. जीसीसी ४.६ आणि ४.७ मध्ये तो स्ट्रक्चरसारख्या प्रकारांवर लावला की त्यातलं व्होलाटाइल, म्हणजे ‘हे मूल्य दर वेळी खरंच वाचा-लिहा’ असं कंपायलरला सांगणारा शब्द, गळून पडायचं, म्हणून ३.१९ आवृत्तीत नवे मॅक्रो आले. स्वतःच्या कर्नलमध्ये हेच काम व्होलाटाइल पॉइंटरमधून वाचणारं एक छोटं इनलाइन फंक्शन करतं. व्हेरिएबलच्या डिक्लेरेशनवरच व्होलाटाइल लावू नका. वाचनाच्या जागी लावा, म्हणजे नेमकं कुठलं वाचन महत्त्वाचं आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल.

व्होलाटाइलबद्दल एक गैरसमज मी वारंवार पाहिला आहे. दोन व्होलाटाइल वापरांचा आपसातला क्रम कंपायलर पाळतो. व्होलाटाइल आणि साध्या मेमरीतला क्रम पाळायला तो बांधील नाही. डीएमएसाठी, म्हणजे डिव्हाइसने थेट मेमरीतून वाचण्यासाठी, लिहिलेल्या नोंदीचे (डिस्क्रिप्टरचे) रकाने साध्या लेखनाने भरले आणि नंतर ‘काम तयार आहे’ असं डिव्हाइसला कळवणाऱ्या डोअरबेल रजिस्टरवर व्होलाटाइलने लिहिलं, तर डोअरबेल आधी आणि रकाने नंतर असं होऊ शकतं. डिव्हाइस अर्धवट भरलेला डिस्क्रिप्टर उचलतो आणि आपण दोष डिव्हाइसला देतो. मधे रिकामी व्होलाटाइल असेंब्ली ओळ, क्लॉबरच्या (असेंब्ली काय बदलते ते सांगणाऱ्या) यादीत ‘मेमरी’ लिहून, टाकली की कंपायलरचा अडथळा तयार होतो. पण तो फक्त कंपायलरला थांबवतो. एआरएमसारखा प्रोसेसर स्वतःही क्रम बदलतो, म्हणून तिथे खरा हार्डवेअर बॅरियर, म्हणजे प्रोसेसरला क्रम पाळायला लावणारी सूचना, हवा. लिनक्समध्ये राइट-एल हे डिव्हाइसच्या रजिस्टरवर लिहिणारं फंक्शन दोन्ही सांभाळतं, त्याची ‘रिलॅक्स्ड’ आवृत्ती सांभाळत नाही. नावाला भुलून वेगासाठी दुसरी वापरणाऱ्याने डीएमएचा बॅरियर आपण घातलाय का ते पुन्हा पाहावं.

तुलना गायब झाली असेल, तर कारण बहुधा अनडिफाइन्ड बिहेव्हियर, म्हणजे ज्याचा परिणाम सी भाषेने ठरवलेलाच नाही असं वर्तन. याचं सर्वांत बोधप्रद उदाहरण लिनक्सच्या टन (आभासी नेटवर्क उपकरण) ड्रायव्हरचं, २००९ सालचं, सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई-२००९-१८९७ म्हणून नोंदलेलं. एका फंक्शनमध्ये पॉइंटरमधून आधी एक सदस्य वाचला होता आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल (शून्य पत्त्याचा) आहे का ते तपासलं होतं. ज्याअर्थी पॉइंटरमधून वाचलं त्याअर्थी तो नल असूच शकत नाही, असा निष्कर्ष काढून जीसीसीने तपासणीच काढून टाकली. यूजरच्या प्रोग्रॅमने शून्य पत्त्यावरचं पान मॅप करून ठेवलं असेल, तर वाचनावर कर्नल कोसळतही नव्हता. तो हल्लेखोराने ठेवलेला डेटा घेऊन पुढे चालायचा. सोर्स वाचणाऱ्याला तपासणी डोळ्यांसमोर दिसत होती, चालणाऱ्या कर्नलमध्ये ती नव्हती. दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. वाचन तपासणीच्या खाली गेलं आणि नल तपासण्या काढू नयेत असं सांगणारा फ्लॅग संपूर्ण कर्नलला लागला. माझ्या मते खरी दुरुस्ती पहिली. दुसरी म्हणजे अशाच इतर चुका धोकादायक होऊ नयेत म्हणून घातलेलं कुंपण.

चिन्ह असलेल्या पूर्णांकांची गोष्ट हीच. ‘दोन संख्यांची बेरीज पहिलीपेक्षा लहान आली तर ओव्हरफ्लो झाला’ ही तपासणी कंपायलर काढू शकतो, कारण तसा ओव्हरफ्लो भाषेत होतच नाही असं तो धरतो. बेरीज करण्याआधी मर्यादा तपासा, किंवा जीसीसी आणि क्लँगमध्ये असलेली ओव्हरफ्लो सांगणारी अंगभूत फंक्शन वापरा. ३२ बिटांचा शब्द १६ बिटांच्या पॉइंटरमधून वाचणंही स्ट्रिक्ट अलायझिंगच्या, म्हणजे मेमरी तिच्या स्वतःच्याच प्रकारातून वाचायच्या, नियमात बसत नाही. तिथे मेमकॉपी वापरा, ऑप्टिमायझेशननंतर ती बहुधा एका सूचनेवर येते.

लिनक्स हे दोन्ही नियम फ्लॅगने शिथिल करून घेतो. त्यामुळे लिनक्समधलं चेकसमचं चांगलं चाललेलं फंक्शन उचलून आपल्या कर्नलमध्ये टाकलं की ते मोडू शकतं. फ्लॅग हे त्या कोडच्या बोलीभाषेचे नियम आहेत. कोड आणताना तेही आणा.

न लिहिलेला कॉल उगवला असेल, तर आधी मेमसेट, म्हणजे मेमरी एकाच मूल्याने भरणारं फंक्शन, पाहा. स्वतःचं मेमसेट साध्या लूपने लिहिलं, तर ‘हा लूप म्हणजे मेमसेट आहे’ हे ओळखून जीसीसी लूपच्या जागी मेमसेटला कॉल घालतो. म्हणजे मेमसेट स्वतःलाच बोलावत राहतं आणि स्टॅक संपतो. जीसीसी १० पासून ही ओळख ओ-टूवरच चालू असते, म्हणून वर्षानुवर्षं चाललेले छोटे कर्नल त्या आवृत्तीवर अचानक बसले. फ्रीस्टँडिंग मोड (प्रमाण लायब्ररी नाही असं सांगणारा) लावला तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्पेअर ही चार फंक्शन उपलब्ध असतील असं जीसीसी धरून चालतो. ती चार वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलपुरतं लूपचे नमुने ओळखण्याचं ऑप्टिमायझेशन बंद करा. फ्लॅग बंद करणं हीच योग्य दुरुस्ती असलेल्या थोड्या जागांपैकी ही एक.

याच्या उलट प्रकार म्हणजे लिहिलेला मेमसेट नाहीसा होणं. फंक्शन संपताना किल्लीचा बफर शून्याने भरला, पण नंतर तो कुणी वाचत नाही, म्हणून कंपायलर ते लेखन वगळतो आणि किल्ली स्टॅकवर तशीच राहते. लिनक्समध्ये यासाठी मेमझिरो-एक्स्प्लिसिट आहे. या दोषाचं कुठलंच बाह्य लक्षण नसतं, तो असेंब्लीतच सापडतो.

इनलाइन असेंब्ली संशयित असेल तर तिच्या अटी एकेक करून मोठ्याने वाचा. पॉइंटर रजिस्टरमध्ये दिला म्हणजे तो ज्या मेमरीकडे बोट दाखवतो ती वाचली जाते, हे कंपायलरला कळत नाही. ते मेमरी ऑपरंड किंवा मेमरी क्लॉबर देऊन सांगावं लागतं. वाचून बदलणाऱ्या ऑपरंडवर नुसतं बरोबरचं चिन्ह आहे की अधिकचं? सगळे इनपुट वापरून होण्याआधी आउटपुट लिहिलं जात असेल तर त्यावर अर्ली-क्लॉबरचं चिन्ह आहे का? हे चिन्ह विसरलं तर इनपुट आणि आउटपुट एकाच रजिस्टरमध्ये बसवायला कंपायलर मोकळा असतो. पूर्वी ते योगायोगाने वेगळे पडत होते, एवढंच.

कर्नलच्या विशेष परिस्थितीतून आलेल्या काही अटी फ्लॅगनेच सांगायच्या असतात. एक्स८६-६४च्या एबीआयमध्ये (फंक्शन एकमेकांना कशी बोलावतात त्याच्या नियमांत) स्टॅक पॉइंटरखाली १२८ बाइटचा रेड झोन, म्हणजे स्टॅक पॉइंटर न हलवता वापरता येणारी जागा, असते. कर्नलमध्ये इंटरप्ट तिथे येऊन लिहितो, म्हणून रेड झोन बंदच हवा. फ्लोटिंग पॉइंट आणि एसआयएमडी (एका सूचनेत अनेक मूल्यं हाताळणारी) रजिस्टरं यूजर प्रोग्रॅमची असतात. तुम्ही एक साधं स्ट्रक्चर कॉपी करता आणि कंपायलर त्यासाठी तीच वापरतो, आणि यूजरची मूल्यं बिघडतात. एआरएम६४वर फक्त सामान्य रजिस्टरं वापरण्याचा फ्लॅग आणि एक्स८६वर एसएसई बंद करणारे फ्लॅग त्यासाठीच आहेत. जीसीसी १२ पासून ओ-टूवरही व्हेक्टरायझेशन (काम एसआयएमडी सूचनांत बसवणं) चालू झालं आहे, तेव्हा आजवर हे फ्लॅग नसतानाही निभावलं असेल तर आता निभावेलच असं नाही. एआरएम६४वर एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) चालू होण्याआधीच्या बूट कोडला संरेखनाचा (योग्य पटीतल्या पत्त्यावरूनच वाचण्याचा) कडक फ्लॅगही लावा. त्या अवस्थेत सगळी मेमरी डिव्हाइस प्रकारची धरली जाते आणि कंपायलरने जोडून केलेलं संरेखित नसलेल्या पत्त्यावरचं एखादं वाचन थेट फॉल्ट देतं.

बूटच्या वेळचा आणखी एक सुंदर गुंता २०२० मध्ये जीसीसी १० ने दाखवला. एक्स८६वर दुय्यम कोअर सुरू करणारं फंक्शन स्टॅक प्रोटेक्टरचं कॅनरी मूल्य (स्टॅक बिघडला का ते ओळखण्याची खूण) स्वतःच नव्याने बसवतं आणि शेवटी कधीच न परतणाऱ्या फंक्शनला बोलावतं. परत यायचंच नसल्याने शेवटची कॅनरी तपासणी कधी चालत नव्हती. जीसीसी १० ने त्या शेवटच्या कॉलची टेल कॉल केली (कॉलऐवजी सरळ उडी घातली), म्हणजे उडी मारण्याआधी कॅनरी तपासणं आलं. फंक्शनच्या सुरुवातीचं मूल्य आणि आताचं मूल्य जुळेना, आणि स्टॅक बिघडल्याचं सांगून कर्नल पॅनिक झाला. दुरुस्ती म्हणून कॉलनंतर टेल कॉल होऊ न देणारा अडथळा घातला गेला. इथे ‘हे फंक्शन परतत नाही म्हणून चालतं’ ही अट टिप्पणीत होती, पण कंपायलरला ती कुणी सांगितलेली नव्हती.

पाचवी पायरी: दोष खरंच कंपायलरचा आहे का

कधी कधी असतो. मात्र वरचे सगळे प्रकार तपासून झाल्याशिवाय तिकडे वळू नका.

एआरएम६४वर ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये अधूनमधून चेकसम चुकल्याच्या तक्रारी येत होत्या. लिनक्सच्या एआरएम विभागाचे डेव्हलपर रसेल किंग यांनी त्या मांडल्या. मुळाशी जीसीसी ४.९ निघाला. फंक्शनच्या शेवटी स्टॅक पॉइंटर मागे घेतल्यावरही तो सोडून दिलेल्या स्टॅकवरचं मूल्य वाचणारी सूचना नंतर ठेवत होता. कर्नलमध्ये एआरएम६४ला रेड झोन नाही. त्या दोन सूचनांच्या मधल्या फटीत इंटरप्ट आला तरच मूल्य बिघडायचं, म्हणून दोष इतका विरळ होता. हा दोष ५.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत होता आणि जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सने एआरएम६४साठी किमान जीसीसी ५.१ सक्तीचा केला. कर्नलच्या बाजूने दुरुस्त करता येण्यासारखं काही नव्हतं, कंपायलर कुठल्याही फंक्शनमध्ये हे करू शकत होता.

असा संशय आला तर कर्नलची हेडर फाइल न लागणारा, पंचवीस-तीस ओळींचा स्वतंत्र नमुना तयार करा. नमुना लहान करण्याचं काम सी-रिड्यूस हे साधन बरंचसं आपोआप करतं. तो नमुना सगळ्या इशाऱ्यांसह आणि अनडिफाइन्ड बिहेव्हियर सॅनिटायझर (कोड चालताना असं वर्तन पकडणारं साधन) लावून चालवा. तो सॅनिटायझर ओरडला तर दोष तुमचा. गप्प राहिला तरी स्ट्रिक्ट अलायझिंगचा भंग त्याला दिसत नाही, तो डोळ्यांनी पाहावा लागतो. एवढं करूनही असेंब्ली चुकीची वाटली तरच कंपायलरकडे बग नोंदवा आणि कर्नलमध्ये ती आवृत्ती नाकारा.

सहावी पायरी: दुरुस्ती टिकवा

लिनक्समध्ये यूबीसॅन (वरच्या अनडिफाइन्ड बिहेव्हियर सॅनिटायझरची कर्नलमधली आवृत्ती) ४.५ पासून आणि डेटा रेस शोधणारा केसीसॅन ५.८ पासून आहे. दुरुस्तीनंतर दोन्ही चालवा, कारण एका जागी अट लिहायची राहिली तर तशाच आणखी जागा जवळपास असतात. जीसीसी आणि क्लँग, ओ-टू आणि आकार कमी करणारा ओ-एस, अशा चारही जोड्या रोजच्या बिल्डमध्ये घ्या. एखाद्या नाजूक फंक्शनसाठी मी ऑब्जडम्पवर एक छोटी तपासणीही लावतो. मेमसेटच्या ऑब्जेक्टमध्ये मेमसेटलाच कॉल सापडला तर बिल्ड थांबतं.

आणि प्रत्येक बॅरियर, प्रत्येक रीड-वन्स आणि प्रत्येक वेगळ्या फ्लॅगशेजारी टिप्पणी लिहा: हे नसेल तर कोण, काय, कुठे हलवतं. टिप्पणी नसलेला बॅरियर दोन वर्षांनी कुणीतरी साफसफाईत काढतं. माझ्या टायमर ड्रायव्हरमध्ये त्या ओळीवर आज असं लिहिलं आहे: ‘हा बिट हार्डवेअर चढवतं. दर फेरीला वाचायलाच हवं. व्होलाटाइल काढल्यास ओ-टूवर हा लूप एका सूचनेचा होतो.’